ओ न दिलेली हाक

१० एप्रिल २०२५, गुरुवार. बोरगाव

नवी गाडी, नवी वही. ज्या गाडीला हात लावायचा तिची एक वही करायची आणि रोज दुपारी भाकरी खाल्ल्यावर काय खरवडलं, काय घासलं, काय उरलं ते तिच्यात लिहायचं, हा माझा पंधरा वर्षांचा शिरस्ता. माझी बायको राजेश्वरी म्हणते, लग्नात दोनदा उखाणा चुकलेला माणूस गाड्यांच्या पोथ्या लिहितोय. म्हणू दे. बेळगावजवळ मच्छेतल्या माझ्या शेडमध्ये अशा एकेचाळीस वह्या आहेत, आणि शाळेत मी सातवीच्या पुढं गेलेलो नाही.

सकाळी सामान टेम्पोत घालून निघालो तो अकराला इथं पोचलो. निपाणी सोडून बोरगावच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडं ऊस सुरू होतो आणि एप्रिल असला तरी डोळ्याला गार वाटतं. मारुतीराव दारातच उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा पायजमा-सदरा, कानाला मशीन. मशीन असूनही त्यांच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीतल्या माणसाशी बोलल्यासारखं बोलावं लागतं. एकेकाळी तंबाखूचे मोठे व्यापारी. आता वखार बंद, बायको गेलेली, मूलबाळ नाही. मला त्यांनी आधी उसाचा रस पाजला, मग जेवायला बसवलं, मग गाडी दाखवली. ही रीत मला आवडली. बेळगावात लोक आधी गाडी दाखवतात आणि रस काही येत नाही.

गाडी वखारीत, ताडपत्रीखाली. पंच्याऐंशी सालची, पांढरी, चार दारांची. सदतीस वर्षं जागची हललेली नाही. टायर बसलेले, गादीत उंदरांनी संसार थाटलेला, क्रोमवर पुटकुळ्यांसारखा गंज. पण रंग मूळचा. आमच्या वडगावात जुनं अस्सल रेशीम हाताला लागलं की म्हातारे विणकर बोलायचे थांबतात, तसा मी जरा वेळ थांबलो.

मारुतीरावांची अट एकच. गाडी चालायला नको. दिसायला पाहिजे, होती तशी.

वखारीच्या कडेची खोली मला दिली आहे. पंखा आहे, खाट आहे, तंबाखूचा वास फुकट आहे. तीन आठवड्यांचं काम. मजेत होईल.

११ एप्रिल, शुक्रवार

गाडी धुतली. तीन पाणी काळं गेलं, चौथं चहासारखं, सहावं स्वच्छ. पाणी बायाक्कानं ओढून दिलं. बायाक्का साठीची. तरुणपणी याच वखारीत तंबाखू निवडायला होती, आता झाडलोट करते आणि चार शेळ्या राखते. घरचं कन्नड. मराठी सगळं समजतं, बोलते थोडं मोडून. दिवसभर शेळ्यांना "बा, बा" करत अंगणभर फिरत असते. कन्नडात बा म्हणजे ये. शेळ्याही कन्नडच असाव्यात, मी मराठीत बोलावलं तर बघत नाहीत.

मग पत्रा ठोकून बघितला. पत्रा चेपला की पेंटर लोक त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासून सपाट करतात आणि वरून रंग मारतात. डोळ्याला काही कळत नाही. बोटाच्या पेरानं ठोकलं की कळतं. कोरा पत्रा टण वाजतो, लांबीचा थप. हा कान मला मागावर मिळाला. बाराव्या वर्षी चोवीस माग चालू असताना कुठल्या मागावरचं सूत तुटलं ते मी जागेवरून सांगायचो. मालकाला वाटायचं पोरगं चेटूक करतंय.

मारुतीराव खुर्ची टाकून बघत बसले होते. पॉलिश कुठलं, रंगाला किती दिवस, असं एक अक्षर विचारलं नाही. माझ्या कानांविषयीच विचारत होते. किती लांबून ऐकू येतं, काचेआडचं येतं का. मी म्हटलं, येतं. त्यांनी मान हलवली आणि उठून गेले.

१३ एप्रिल, रविवार

नीलमकडं जेवायला गेलो. माझ्या लेकीचं सासर इथलंच, आणि खरं लिहायचं तर हे काम मी त्यासाठीच घेतलं. सासू-सासरे राहिले नाहीत, जावई शिवराज ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. नीलम निपाणीत एका दवाखान्यात नर्स आहे. राणी पाच वर्षांची. शाळेला सुट्टी लागली आणि तिला सांभाळणारी शेजारीण मुलाकडं पुण्याला गेली. मी म्हटलं, माझ्याकडं सोड की. वखारीचं अंगण आहे, सावली आहे, शेळ्या आहेत.

नीलम जरा वेळ ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "बा, लहान असताना मी घसा बसंस्तोवर हाका मारायची तुला. चोवीस मागांतलं सूत ऐकणारा माणूस तू. माझी हाक कवा ऐकलीस?"

ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. खरं होतं. त्या वर्षांत मी माग सोडून मच्छेत रंगकाम शिकत होतो, घरी असलो तरी घरी नसायचो.

शेवटी तयार झाली. बघू, म्हणाली, आणि सांगितलं की काही कमीजास्त झालं तर परत विचारायचं नाही. म्हणजे ही माझी परीक्षा आहे. पोर सकाळी आठला घ्यायची, संध्याकाळी सहाला अंगावर ओरखडा नसताना परत द्यायची. आई म्हणते म्हणून राणीही मला बाच म्हणते. आजोबा म्हण असं तिला कुणी शिकवलं नाही. मलाही ते चालतं, वय कमी होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

राणी रमली. शेळ्यांना तिनं नावं दिली आहेत, एकीचं नाव माझंच. मारुतीराव तिच्याकडं लांबून बघतात, जवळ येत नाहीत.

वॉटर पेपरनं टप आणि बॉनेट घासून झालं. हातात प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावर फिरवली की बारीकात बारीक कण बोटाला लागतो. टप आता दुधाच्या सायीसारखा लागतोय.

मागच्या दारांना आतून कड्या नाहीत. मोडलेल्या नाहीत, काढून घेतलेल्या. स्क्रूची भोकंसुद्धा नीट बुजवली आहेत. मी मारुतीरावांना म्हटलं, कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणून बसवतो. ते इतकंच म्हणाले, नको, होती तशी. गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मागच्या डाव्या दारावर शुक्रवारी टण वाजलेल्या जागी आज थप वाजलं. मूळ रंग आहे, आत लांबी नाही. पिशवी फिरवून बघितली, गुळगुळीत. पत्र्याला आतून कुणी टेकून बसलं की असा आवाज येतो. आत बघितलं. गादी काढून उन्हात टाकलेली आहे. आत कुणी नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

थप आज उजव्या दारावर. डावं टण.

दुपारी पत्र्यावर पॉलिशचं कंपाउंड मारताना हाक ऐकू आली. बा. मग परत, बा. बारीक, काचेआडून आल्यासारखी. वाटलं बायाक्का शेळ्यांना बोलावतेय. वर बघितलं तर बायाक्का माझ्यासमोरच बसून पान लावत होती, आणि राणी तिच्या मांडीवर झोपलेली. बायाक्काचं तोंड बंद. हाक परत आली. बायाक्कानं चुना लावला, पान तोंडात घातलं. तिला काही ऐकू आलं नाही.

मी मान खाली घालून आणखी जोरात घासायला लागलो. घासताना बाकीचं कमी ऐकू येतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

मारुतीरावांनी आज मला बोलावून शेजारी बसवलं. म्हणाले, "यल्लाप्पा, तुमाला ऐकू येतंय न्हवं? लपवू नगा. मी तुमचे कान बघूनच बोलावलंय."

मग थोडक्यात सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी मालू, चार वर्षांची, या गाडीत गेली. अठ्ठ्याऐंशी साली, याच महिन्यात. कशी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढं दोन-तीन वर्षं त्यांना गाडीतून आवाज यायचा, शब्द लागायचा नाही. मग कान गेले. आता जायच्या आधी एवढं कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. गाडी होती तशी झाली तर ती नीट बोलेल, असं त्यांना वाटत होतं.

"काय म्हनती ती?"

मी म्हटलं, "ये म्हणतीया."

त्यांनी मशीन कानात दाबून परत विचारलं, मी परत ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा सैल पडला. "व्हय?" म्हणाले. "मग जायला पायजे."

मला चांगलं काम केल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

२१ एप्रिल, सोमवार

नवी गादी बसवली. वर पांढरं सुती कव्हर. जेवण झाल्यापासून मारुतीराव मागच्या सीटवर जाऊन बसतात, हात मांडीवर, नवरदेव बसावा तसे. दारं मी उघडी ठेवतो. ते आत असताना हाक येत नाही. चारही दारं टण वाजतात.

राणीनं विचारलं, हे बाबा कुठं निघालेत. मी म्हटलं, गावाला.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी दोनला बंपर बसवायला गेलो तर गाडीची दारं बंद, काचा वर. मारुतीराव आत. मी नव्हती लावली. मागच्या दाराला आतून कडी नाही, पण बाहेरची किल्ली त्यांच्याच हातात होती, पुढच्या दारानं आत जाऊन, ते आतून लावून मागच्या सीटवर सरकले असावेत. काच फोडली नाही. माझ्याकडं दुसरी किल्ली होती, उघडलं. अंग भट्टीतून काढल्यासारखं. डोळे उघडे, श्वास चालू. बायाक्कानं पाणी ओतलं. दवाखान्याची गाडी बोलावून बेळगावला पाठवलं.

राणीला मी त्या वेळी खोलीत नेऊन बसवलं. तिनं काही बघितलं नाही. नीलमला सांगितलं, बीपी वाढलं. एवढंच सांगितलं. परीक्षा चालू आहे.

मग बंपर बसवला, एक स्क्रू हातून सुटला नाही. त्याचं मला नवल वाटलं.

२३ एप्रिल, बुधवार

बायाक्का आज बोलली. शेण सारवता सारवता, मान वर न करता.

अठ्ठ्याऐंशीला वखारीत तंबाखूचा लिलाव होता. हमाल, गाड्या, गलका. मालू मागच्या सीटवर झोपली होती. चालत्या गाडीत दार उघडते म्हणून मागच्या कड्या मारुतीरावांनी आधीच काढून घेतल्या होत्या. पुढच्या सीटवर टपापर्यंत तंबाखूच्या नमुन्यांची बोचकी. धूळ जाऊ नये म्हणून काचा वर केल्या, किल्ली लावली आणि दहा मिनिटांत येतो म्हणून आत गेले. लिलाव दोन तास चालला. बायाक्का लिंबाखाली बायकांबरोबर पानं निवडत बसली होती. गाडी तिच्यापासून वीस पावलांवर.

"मला आवाज आलता, अण्णा," बायाक्का म्हणाली. "बा, बा, बा. आमच्यात बा म्हंजी ये. मला वाटलं कोन तरी हमाल दुसऱ्याला बोलीवतोय. मी शेजारनीला म्हनलं बी, कोन एवढं बोलीवतंय, आनि तो मुडदा जात का न्हाई."

शेजारीण हसली होती म्हणे. मग आवाज थांबला. बायाक्काला वाटलं, गेला असेल ज्याला बोलावलं तो.

मी उठलो आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. दोन्ही भाषा मला आईच्या दुधाबरोबर आल्या. माझी स्वतःची मुलगी मला त्याच नावानं हाक मारते. शेळ्या, बायाक्का, अंगणभर बा बा, आणि माझ्या हुशार कानानं त्याचा अर्थ लावून म्हाताऱ्याला सांगितला. शब्द सांगितला असता तर त्यांनी ओळखला असता. मी अर्थ सांगितला.

ती ये म्हणत नाही. ती बापाला हाक मारतेय.

२४ एप्रिल, गुरुवार

आज सकाळपासून हाक चालू होती. मारुतीराव दवाखान्यात, आता ऐकायला मी एकटा. सदतीस वर्षं कुणी ओ दिलेली नाही. बाराच्या सुमारास मला राहवलं नाही. काचेला तोंड लावून म्हटलं, "ओ. आलो, पोरी."

हाक थांबली.

अर्धा तास इतकी शांतता होती की उसाची पानं घासलेली ऐकू येत होती. मी खूष झालो. दार उघडून आतलं छत पुसलं. मग बाहेर विहिरीवर हात धुवायला गेलो तर हाक माझ्या पाठीमागं आली. काचेआडून नाही. उघड्यावर, माझ्या कमरेच्या उंचीवर.

बा.

२६ एप्रिल, शनिवार

उजव्या हाताच्या बोटांना कळेनासं झालंय. पिशवी घालून पत्र्यावर फिरवतो, काही लागत नाही. साय लागत नाही, खरखर लागत नाही. थिनरनं होतं असं कधीकधी. भाकरी गरम आहे का गार ते तोंडात घातल्यावर कळतं.

हाक जाईल तिथं येते. खोलीत, विहिरीवर, दुकानात गेलो तर दुकानात. आवाज राणीसारखाच. आधी वेगळा होता, आता तसाच. आज राणीला पाच-सहा वेळा ओ दिली आणि ती तिथं नव्हतीच. सातव्यांदा ओ दिली नाही. ती सातवी राणीच होती. विहिरीच्या कट्ट्यावर चढून पडली, गुडघा फुटला. सुदैवानं बाहेरच्या बाजूला पडली.

नीलमनं गुडघा बघितला. म्हणाली, "तुला हाक मारली म्हनती ती. ऐकली न्हाईस."

मी म्हटलं, पॉलिशचं मशीन चालू होतं. मशीन बंद होतं.

तिनं एक संधी दिली आहे. शुक्रवारी तिची आठवड्याची ड्यूटी संपते, मग चार दिवस ती घरी. तोवर.

२८ एप्रिल, सोमवार

नियम केला. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. राणी दिसली तरच ओ द्यायची. नाही दिसली तर द्यायची नाही. राणीलाही शिकवलं: हाक मारायची नाही, काही हवं असेल तर येऊन शर्ट ओढायचा. ती खेळ समजली. दिवसभर येऊन शर्ट ओढते आणि हसते. शर्ट ओढलेला कळतो. बरं चाललंय.

ओ नाही दिली की दुसरी, गाडीतली, चिडत नाही. थांबते, परत मारते. तिला वेळच वेळ आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

मारुतीराव पहाटे गेले. बेळगावहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला, नागेंद्र नावाचा. शनिवारी येऊन गाडी नेणार आहे, तोवर पुरी करा म्हणाला. मी बरं म्हटलं. बायाक्का भिंतीला टेकून बसली होती, तिला सांगितलं. ती उठून शेळ्या सोडायला गेली.

रडू आलं नाही. दुपारी मागच्या गादीचं कव्हर इस्त्री केलं.

३० एप्रिल, बुधवार

कानात कापूस घातला. बायाक्काचं बोलणं, शेळ्या, मशीन, सगळं बारीक झालं. हाक तेवढी होती तशी. कापूस तिला लागतच नाही. म्हणजे ओळखायला ही एक खूण सापडली — पण ओळखून काय —

डाव्या हाताचीही बोटं.

१ मे, गुरुवार

पॉलिशचा शेवटचा हात. गाडी झाली. लग्नातल्या ताटासारखी झाली. बायाक्का बघून म्हणाली, तशीच. तोंड फिरवून निघून गेली.

राणीला गाडी आवडली. पांढऱ्या गादीवर बसू का म्हणाली. नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं.

आज हाक तीनशेच्या पुढं. मोजायचं सोडलं. आता लागत नाही. कुणी लांबच्या शेतात मोटर चालू ठेवावी तसं वाटतं. भीती वाटायला पाहिजे हे कळतं, वाटत नाही.

उद्याचा एक दिवस. सहा वाजले की परीक्षा संपली.

२ मे, शुक्रवार

सकाळी गाडी ढकलून उन्हात काढली. घासल्याचे बारीक वळ भर उन्हातच दिसतात. एक वळ नाही. काढलेल्या जुन्या सामानाची बोचकी पुतण्याला द्यायला पुढच्या सीटवर टपापर्यंत रचून ठेवली.

जेवणं झाल्यावर बाराला वारं सुटलं. वखारीतली जुनी तंबाखूची धूळ उडायला लागली. पॉलिशवर बसली तर सगळं परत. काचा वर केल्या, चारही दारं ढकलून लावली. किल्ली लावली. बोटांना दार लागलेलं कळलं नाही, डोळ्यांनी बघितलं, लागलं होतं. कानात कापूस. मग इथं सावलीत येऊन बसलो.

राणी वखारीमागं बायाक्काच्या सैपाकघरात झोपली आहे. जेवणानंतर रोज झोपते.

साडेबारा. हाक चालू.

आज ठोकतेय पण. आधी कधी ठोकत नव्हती. काचेवर, हातानं. टण नाही, थप नाही —

नियम आहे. काचांवर ऊन चकाकतंय. दिसत नाही. ओ द्यायची नाही.

एक चांगलं आहे. आज कापसानं ती बारीक झाली आहे. पहिल्यांदाच. विहिरीच्या तळातून आल्यासारखी. जाणार बहुतेक. थकली. सदतीस वर्षांनी कुणीही —

बारीक होतेय. बा. मध्ये थांबते. परत. रडतेय. ती आधी रडत नव्हती.

ओ द्यायची नाही. पाच तास राहिले.

बायाक्का समोर येऊन उभी आहे, हातात राणीची चादर. कापूस काढा म्हणतेय. काढला. म्हणते, "अण्णा, पोर कवाची बा बा करतीया. ओ का देत न्हाईसा?"

बायाक्काला ती ऐकू येत नाही. एकदाही आलेली नाही. मग हिला आत्ता हे कसं ऐकू